एक जानेवारीची माणसं

सामोआच्या राजधानीत, आपियात, आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर रोज वाढदिवसांची नावं वाचली जातात. वाचायचा सेफो, आणि त्याच्या तोंडून नाव आलं की माणूस दिवसभर फुशारून फिरायचा. ती नावं काढून द्यायची फुआतिनो. मी ध्वनियंत्रं सांभाळायचो, तिच्या शेजारच्याच टेबलावर.

फुआतिनो सावाई बेटावरची. आली होती फोन उचलायला. तेव्हा श्रोत्यांच्या जन्मतारखा बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्यांवर असायच्या. कुणीतरी टाकून दिलेलं संगणकाचं एक जाडजूड पुस्तक वाचत वाचत तिने त्या सगळ्या डेटाबेसमध्ये घातल्या. आजचा महिना आणि दिवस काढायचा, जन्मतारखेतलाही काढायचा, आणि दोन्ही जुळतील ती नावं छापायची. क्वेरी, म्हणजे यंत्राला रोज विचारायचा प्रश्न, एवढीच होती आणि कित्येक वर्षं बिनतक्रार चालली.

मग २०११ साली सरकारने ठरवलं की आपलं सामोआ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे न्यायचं. म्हणजे गुरुवारी एकोणतीस डिसेंबर, आणि दुसऱ्या दिवशी उठलं की थेट शनिवार, एकतीस तारीख. मधला शुक्रवार येणारच नव्हता. लेफागाहून मालेलेगा नावाच्या निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. त्यांचा जन्म तीस डिसेंबरचा.

"मला एवढंच सांग," त्या म्हणाल्या, "मी यंदा सत्तरीची होतेय की नाही?"

"होताय, बाई. नाव नक्की वाचू," फुआतिनो म्हणाली.

शब्द दिला खरा, पण क्वेरी तर तीस तारीख उजाडल्याशिवाय त्यांचं नाव देणार नव्हती. फुआतिनोने नवी युक्ती काढली. नुसती आजची तारीख जुळवण्याऐवजी, मागच्या कार्यक्रमानंतरच्या दिवसापासून आजपर्यंत ज्यांचे वाढदिवस असतील ते सगळे घ्यायचे. त्यासाठी महिना आणि दिवस जोडून एक आकडा केला. तीस डिसेंबर म्हणजे बाराशे तीस, एकतीस म्हणजे बाराशे एकतीस. शनिवारी मालेलेगाबाईंचं नाव सगळ्यात आधी वाचलं गेलं. सेफोने फुआतिनोला स्टुडिओतूनच सलाम ठोकला आणि ती दिवसभर गुणगुणत राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार, एक जानेवारी. चर्चनंतरचा कार्यक्रम. आमच्याकडे बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना आपली जन्मतारीख ठाऊक नसते. कारकुनाने विचारलं की एक जानेवारी लिहून मोकळं व्हायचं. त्यामुळे वर्षातली सगळ्यात लांब यादी त्या दिवसाची. सेफो मुद्दाम दोन पेले पाणी घेऊन बसला होता. मी छपाईयंत्राशी गेलो, तर कागद कोरा.

मी फुआतिनोला फोन लावला. ती घरी उमूतून, म्हणजे तापल्या दगडांच्या चुलीतून, तारोचे भाजलेले कंद काढत होती. कोरा कागद म्हटल्यावर तिने आकडे मांडून पाहिले. मग म्हणाली, "एक जानेवारी म्हणजे एकशे एक. मी यंत्राला सांगितलंय, बाराशे एकतीसच्या पुढचे आणि एकशे एकपर्यंतचे दे. असा आकडा आणायचा कुठून त्याने?" आणि फोन ठेवला.

तिकडे सेफोने माइक चालू केला. "मंडळी," तो सावकाश म्हणाला, "आमच्या यंत्राचं म्हणणं आहे की आजच्या दिवशी या देशात कुणी जन्मलंच नाही. मला काही ते पटत नाही. तुमचं काय म्हणणं आहे ते फोन करून सांगा."

चर्चचा पांढरा पोशाख, टोपी तिरकी आणि हाताला राख अशी फुआतिनो धावत पोचली, तोवर फोन थांबायला तयार नव्हते. क्वेरी दुरुस्त करायला बसली तर सेफोने काचेपलीकडून हातानेच नको म्हटलं आणि फोनकडे बोट दाखवलं. ती पुन्हा आपल्या जुन्या कामाला लागली. एक आजोबा म्हणाले, मी जन्मलो निरफणसाच्या हंगामात, जानेवारी कुणी घुसडला देव जाणे. एका आजीने सांगितलं की आईला कळा सुरू झाल्या तेव्हा वादळाने छप्पर नेलं होतं, म्हणून माझं नाव वारा. तिच्या धाकट्या बहिणीने मागून ओरडून तिचं वय दुरुस्त केलं. फुआतिनो हसता हसता डोळे पुसत होती, राख गालभर.

सोमवारी तिने प्रत्येकाचा वाढदिवस मागच्या आणि चालू अशा दोन्ही वर्षांच्या पूर्ण तारखा बनवून तपासायला सुरुवात केली, म्हणजे वर्ष बदललं तरी गोंधळ नको. सेफो आठवडाभर तिला "कोरा कागद" म्हणून हाका मारत होता. पुढच्या एक जानेवारीला तिने लांबलचक अचूक यादी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती बघून बाजूला सारली आणि श्रोत्यांना म्हणाला, करा फोन. तेव्हापासून दरवर्षी असंच चालतं.

परवा एका आजोबांनी तिला विचारलं, माझी तारीख बदलून देशील का? तिने विचारलं, कुठली लिहू?

"कुठलीही लिही, पोरी," ते म्हणाले. "फक्त दरवर्षी शनिवारच येईल असं बघ. नातवंडं घरी असतात."

ती अजून त्यावर डोकं लढवतेय.