खलातला लाल रंग

"लाल तो लाल! कुठून का येईना. अहवालात लाल लिहिलंय, दिसतंयही लाल. मग त्यात खोटं काय झालं?" नवऱ्याने टॉवेल खुर्चीवर आपटला.

"माझ्या संयुगाच्या एकट्या रेणूचा उजेड लाल, असं लिहिलंय," ती म्हणाली. " तो तसा नाही. एकटा असला की तो हिरवा उजळतो."

"अगं, पण एकट्या रेणूला बघायला जाणार कोण?"

"अहो, टीव्हीचे, मोबाइलचे पडदे बनवणारे जाणार. ते पडद्यावर या संयुगाचा थर देताना रेणू एकमेकांपासून लांब ठेवतात. लाल दिसायला हवं तिथे हिरवं दिसेल."

"भांडा, भांडा," आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. "माझे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत."

भांडण खरं तर घराचं होतं. प्रयोगशाळेतल्या विभागप्रमुखाची जागा रिकामी होत होती आणि त्या जागेबरोबर आवारातलं तळमजल्याचं घर मिळत असे. अहवाल मंजूर झाला की जागा तुमचीच, असं संचालकांनी तिला सांगून टाकलं होतं. सध्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मागे डॉक्टरांकडे नेताना सासूबाईंना दोन शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून उतरवलं होतं. आपलं कपाट झालंय असं वाटलं, म्हणाल्या, आणि त्यानंतर त्या खाली गेल्याच नाहीत.

इमारतीत तिला दिवेवाली म्हणत. तुम्ही करता काय, असं कुणीतरी विचारलं होतं आणि तिने सरळ सांगितलं होतं, की प्लॅटिनमची अशी संयुगं बनवते जी उजेड देतात. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई बंद पडलेला टेबललॅम्प घेऊन आल्या. तिने तोही दुरुस्त करून दिला.

तिची एक सवय प्रयोगशाळेत प्रसिद्ध होती. पूड जाडी राहिली तर मोजमाप खोटं येतं, असं तिच्या गुरूंनी तिला शिकवलं होतं. त्यामुळे कुठलाही नमुना ती आधी खलात घालायची, तोंडाला लावायच्या पावडरीसारखा मऊ होईपर्यंत घोटायची, आणि मगच काचेवर पसरून अतिनील दिव्याखाली धरायची. "बाई साखरसुद्धा घोटूनच चहात घालत असतील," असं सहकारी म्हणत.

परवा तिचा खल आम्लात भिजत पडला होता. वाट बघायचा कंटाळा आला म्हणून तिने अहवालातल्या संयुगाचे स्फटिक न घोटता तसेच दिव्याखाली ठेवले. ते हिरवे उजळले. बाटली बदलली असेल म्हणून तिने चिठ्ठी वाचली. बाटली तीच होती. मग तिने चमच्याच्या टोकाने एक स्फटिक दाबला. दाबला तिथे लाल रेघ उमटली.

पुढचं समजायला तिला वेळ लागला नाही. हे रेणू ताटल्यांसारखे चपटे. स्फटिकात ते एकमेकांपासून जरा सरकून बसलेले असतात. घोटलं की घसरून एकावर एक येतात, प्लॅटिनमला प्लॅटिनम भिडतं, आणि मग त्यांचा उजेड एकट्याचा राहत नाही. तिने लाल पुडीवर द्रावकाचा थेंब टाकला. ती पुन्हा हिरवी झाली. भरपूर द्रावकात विरघळवून रेणू अगदी सुटे करून पाहिले, तरी हिरवीच. अहवालातला प्रत्येक लाल आकडा तिच्या बत्त्याने आणलेला होता.

"आई, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?" इतका वेळ टेबलाशी बसून भांडण ऐकणाऱ्या मुलीने विचारलं.

"कुणाला नाही."

"मग?"

नवऱ्याचा आवाज आता उतरला होता. "नेमणूक होऊ दे. घर मिळू दे. नंतर सांग, की नवीन शोध लागला."

ही युक्ती तिलाही येताना बसमध्ये सुचली होती. फक्त तिने तिला 'पुढचा टप्पा' असं नाव दिलं होतं.

ती सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या खिडकीशी बसल्या होत्या. वरून बघून बघून त्यांना गल्लीतली माणसं टाळूवरून ओळखता येऊ लागली होती.

"मला नीट सांग, झालंय काय?"

तिने ताटल्यांचं सांगितलं.

"म्हणजे माझ्यासारखंच की. एकटी असले की गार, तुम्ही सगळे जमलात की डोकं लाल." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "सांगणार आहेस ना त्यांना?"

"अजून ठरवलं नाही."

"ठरवलंयस. मघाशी पाणी दिलंस, तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीस."

ती त्यांच्या पायांवरची चादर सारखी करू लागली.

"मला खाली जायचंय गं," सासूबाई म्हणाल्या. सुरात तक्रार नव्हती.

"माहीत आहे मला."

ती बाहेर आली. नवरा आणि मुलगी टेबलाशी बसून होती. आतही ऐकू जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली, "उद्या सकाळी मी अहवाल मागे घेतेय. तळमजल्याचं घर आपल्याला मिळणार नाही."