मिसरी लावू नये, मंजन लावावे

हे वाक्य माझं नाही. ते आमच्या साहेबांचं, जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं, आणि त्यावरचा माझा राग इतक्या वर्षांनीही उतरलेला नाही. माझं पुढचं सगळं आयुष्य तंबाखूविरुद्धच्या कामात गेलं. त्यापायी मानाच्या खुर्च्या मिळाल्या, शाली मिळाल्या, आणि शाल पांघरताना दर ठिकाणी कोणीतरी विचारतंच, "बाई, या कामाकडे कशा वळलात?" कुठल्या तरी थोर माणसाचं नाव ऐकायच्या तयारीनं लोक बसलेले असतात. मी सांगते, एका आरोग्य-पत्रकानं वळवलं. लोक हसतात. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि लढाईचे दिवस होते. मी नागपूरला शिकून नर्स झाले आणि नांदुऱ्याला माझी नेमणूक झाली. गरोदर बाया, बाळंतिणी, तान्ही लेकरं, देवीची टोचणी, पटकीच्या दिवसांत विहिरींत औषध टाकणं, जे पडेल ते काम. आसपासच्या खेड्यांत दमणीतून जायचं, बैल दमले की पायी. माहेर याच जिल्ह्यातलं असल्यानं बोली माझीच होती. नागपूरला ती लपवायला शिकले होते, पण नांदुऱ्याला आल्यावर चार दिवसांत जिभेवर पुन्हा 'मले-तुले' आलं.

आता मंजनाचं सांगते. आमच्याकडे बाया तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, कुटून भुकटी करतात आणि डबीत भरून ठेवतात. सकाळी उठल्या की ती बोटानं दातांना लावायची, चूल पेटवताना लावायची, जेवण झालं की लावायची, शेतात निंदायला बसल्या की पुन्हा लावायची. पुण्याकडे या भुकटीला मिसरी म्हणतात. आमच्याकडे तिचं नाव मंजन. मिसरी म्हणजे आमच्याकडे खडीसाखर, देवळात प्रसादाला हातावर ठेवतात ती. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही हा फरक ठाऊक आहे.

साहेबांना तो ठाऊक नव्हता. ते पुण्याकडचे. मिसरीनं माणसाचं वाटोळं होतं हे त्यांना कळत होतं, तेवढं श्रेय मी त्यांना देते. म्हणून त्यांनी आरोग्य-सप्ताहासाठी एक पत्रक काढलं आणि गावोगाव वाटायला आमच्याकडे गठ्ठे पाठवले. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं: 'मिसरी लावू नये, मंजन लावावे. रोज दोन वेळा मंजनाने दात घासावेत. लहान मुलांनाही हीच सवय लावावी.' म्हणजे आमच्या माणसांनी वाचलं ते असं, की दातांना खडीसाखर लावू नका, भाजलेली तंबाखू लावा, दोन वेळा लावा, आणि लेकरांनाही लावा.

गठ्ठा सोडून पहिलं पत्रक वाचलं तेव्हा मी तो गठ्ठा पुन्हा बांधून ठेवला. माझ्या हातून एकही वाटायचं नाही असं ठरवलं. पण शाळांना परस्पर पाठवलेली पत्रकं मी कशी अडवणार होते? वडनेर भोलजीला मास्तरांनी ते चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

त्या गावात एक सून होती. कुणब्याचं खातंपितं घर, नवरा कष्टाळू, सासू जरा करडी पण मनानं वाईट नाही. सुनेची दोन लेकरं गेली होती. पहिलं जन्मतःच मूठभर होतं, ते जगलं नाही. दुसरं चांगलं बाळसेदार होतं. त्याला दात येऊ लागले, रडरड सुरू झाली, म्हणून सासूनं रिवाजाप्रमाणे हिरड्यांना चिमूटभर मंजन चोळलं. मंजन चोळलं की लेकरू झोपतं असं बाया सांगतात. झोपतं कसलं, गुंगतं. ते लेकरू झोपलं ते उठलंच नाही. घरच्यांनी दृष्ट लागली म्हटलं आणि ज्या बाईची दृष्ट लागली असं त्यांना वाटलं तिच्याशी बोलणं टाकलं. तंबाखूचं नाव कोणी घेतलं नाही.

तिसऱ्या खेपेला मी तिच्या पाठीस लागले. दर भेटीला डबी मागून घ्यायची, बाभळीची काडी हातात द्यायची, कधी चिडायची, कधी हातापाया पडायची. तिनं मंजन निम्म्यावर आणलं. लेकरू झालं, मुलगा, अंगानं ठणठणीत. आता त्याच्या हिरड्या फुगायला लागल्या होत्या आणि मी सासूकडून वचन घेतलं होतं की याला मंजन लावणार नाही. त्या वचनावर माझा सगळा भरवसा होता. त्यात हे पत्रक येऊन पडलं.

मी घरात पाऊल टाकलं तशी सासू हसतच म्हणाली, "नर्सबाई, सरकार येडं झालं का व? दाताले मिसरी कोन लावते? मुंग्या नाई लागत काय?"

मी काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, "पन दुसरं बराबर लिव्हलं. तुमी तं माह्या सुनेले मंजन सोड म्हनता. सरकार म्हनते दोनदा करा, लेकराले बी लावा. आता तुमचं आयकू का सरकारचं?"

सून दाराआड लेकरू छातीशी धरून उभी होती. "बाई, मी काय करू?" एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांतली भीती मला अजून दिसते. मी सासूला पुन्हा पुन्हा सांगितलं की साहेबांची चूक झाली आहे. तिला ते पटेना. छापलेलंही चूक असू शकतं हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

साहेब दौऱ्यावर नांदुऱ्याला आले तेव्हा मी डाकबंगल्यावर जाऊन उभी राहिले. ते व्हरांड्यात सिगारेट ओढत बसले होते. मी सगळं सांगितलं, मंजन म्हणजे काय, मिसरी म्हणजे काय, वडनेरचं लेकरू कसं गेलं. त्यांनी धूर सोडला आणि म्हणाले, "बाई, मंजन हा शुद्ध शब्द आहे. अडाणी लोक तो भलत्या अर्थानं वापरतात म्हणून आपण भाषा बिघडवायची का?"

"साहेब," मी म्हटलं, "भाषेला दात येत नाहीत. लेकरांना येतात."

त्यांनी सिगारेटची राख झटकली. मग म्हणाले, "तुमच्या बोलण्यातला गावठीपणा अजून गेला नाही. पत्रक छापून झालं आहे. निघा आता."

डाकबंगल्यापासून घरापर्यंत मी स्वतःशी बडबडत गेले. वाटेत बाजारात तंबाखूच्या ठोक व्यापाऱ्याचं दुकान लागायचं. त्याला सगळे शेठजी म्हणत. दुकानावर नवी पाटी रंगवून ओली सोडलेली होती: 'रोज दोन वेळा मंजनाने दात घासावेत. सरकारी आज्ञा.' खाली त्यांच्या मंजनाच्या पुड्या रचलेल्या. साहेबांना जे कळलं नाही ते शेठजींना न सांगता कळलं होतं. आमच्याकडे म्हणतात, गाढवाला गुळाची चव काय. इथं गूळही साहेबांचा होता आणि चव शेठजींना कळत होती.

आरोग्य-सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी नांदुऱ्याला बाळांचं प्रदर्शन होतं. खेड्यापाड्यांतून आया लेकरं घेऊन यायच्या, वजन व्हायचं, सुदृढ बाळांना बक्षिसं मिळायची. त्या वर्षी अध्यक्ष होते शेठजी, कारण बक्षिसं त्यांनी दिली होती. पहिला नंबर त्यांच्याच नातवाचा आला हे सांगायला नकोच. दुसरा नंबर वडनेरच्या लेकराचा आला, आणि तो मात्र खरा होता. त्या लेकराचं वजन मी स्वतः केलं होतं. सून नव्या लुगड्यात, डोक्यावरचा पदर सावरत मंचाकडे निघाली. सासू मागून सगळ्यांना सांगत होती, "माहा नातू हाय तो, माहा."

बक्षीस म्हणजे एक झबलं, साबणाची वडी आणि गुलाबी कागदातली एक पुडी. मी टेबलाशी उभी राहून वस्तू पुढे देत होते. पुडी नाकाशी नेली आणि माझं डोकं सणकलं. भाजलेल्या तंबाखूचा वास लपत नाही. साहेब शेजारी बसून हसतमुखानं टाळ्या वाजवत होते. ज्या लेकराला मी वर्षभर जपलं त्याच्या आईच्या हातात आता सरकार स्वतः ही पुडी ठेवणार होतं, शेकडो माणसांसमोर, टाळ्यांच्या गजरात. त्यानंतर सासू माझं कशाला ऐकणार होती?

मी पुडी फोडली. काळी भुकटी बोटावर घेतली आणि मंचाच्या कडेला बसलेल्या शेठजींच्या घरच्या बाईकडे गेले. तिच्या मांडीवर पहिल्या नंबराचा नातू होता. मोठ्यानं म्हटलं, "शेठजी, पहिला मान तुमच्या नातवाचा. उघड बाळा तोंड." माझं बोट त्या लेकराच्या तोंडापासून हातभर लांब होतं आणि लांबच राहणार होतं, पण शेठजींना ते काय ठाऊक!

शेठजी खुर्चीवरून उडालेच. "ओ बाई! येड लागलं का तुमाले? तंबाखू हाय न त्यात! मरन न लेकरू!"

मी वळून बायांकडे पाहिलं. "आयकलं का?" एवढंच विचारलं. आयकलं होतं. वडनेरच्या सुनेनं झबलं आणि साबण उचलला, पुडी टेबलावरच ठेवली आणि खाली उतरली. तिच्यामागच्या बायांनीही तेच केलं. साहेबांचा चेहरा पाहून मला आनंद झाला, हे मी लपवत नाही.

व्हायचं ते झालं. वरिष्ठांशी उद्धट वर्तन आणि प्रतिष्ठित नागरिकाचा अपमान, म्हणून माझी दूर बदली झाली. पत्रक मागे घेतलं गेलं नाही, गठ्ठे संपेपर्यंत वाटलं गेलं. शेठजींच्या दुकानावरची पाटी तशीच राहिली आणि त्यांना पुढच्या वर्षीही अध्यक्ष केलं. चूक दाखवली म्हणून चूक करणारा शरमेल, असं मला तेव्हा वाटत होतं. किती भाबडी होते मी!

निघायच्या दिवशी वडनेरची सून नवऱ्याबरोबर बैलगाडीनं नांदुऱ्याच्या स्टेशनावर आली. कडेवर लेकरू, त्याच्या खालच्या हिरडीत दोन शुभ्र दात. मी ते दात किती वेळ पाहत बसले!

"बाई, याले मंजन लावू देत नाई आता," ती म्हणाली. "सासूबी नाई म्हनत. शेठच्या नातवाले चालत नाई, तं आपल्या नातवाले कसं चालन, असं म्हनते थे."

"अन् तू व? तुह्यं मंजन सुटलं का?"

ती लाजून हसली. "माह्यं काय, बाई? शेठजी लेकराचं बोलले. बायांचं तं कोनी काई बोललं नाई."

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. खरंच कोणी बोललं नव्हतं. मीसुद्धा तिची डबी मागून घेतली ती पोटातल्या लेकरासाठी. आम्ही लेकरं तोलत होतो, लेकरांना बक्षिसं देत होतो. त्यांच्या आयांच्या तोंडात काय चाललंय हे बघायला आमच्या अख्ख्या कामात जागाच नव्हती. ती माझी समजूत काढायला लागली आणि बोलता बोलता म्हणाली की हल्ली भाकरीसंगं ठेचा खाववत नाही, तोंडात आग होते. वऱ्हाडातली बाई आणि ठेचा खाववत नाही! मी तिला फलाटाच्या टोकाला उजेडात नेलं आणि तोंड उघडायला लावलं. गालाच्या आत, जिथं मंजनाचं बोट रोज फिरतं तिथं, पांढरा, खरखरीत चट्टा होता. अशा चट्ट्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो हे मी नागपूरला शिकले होते.

माझी गाडी मी सोडली. तिच्या नवऱ्याला समजावलं, आणि दुपारच्या गाडीनं आम्ही तिला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. रांगेत बसून बसून लेकरू कंटाळून झोपलं. शेवटी नंबर लागला. डॉक्टर तरुण होते, दुसऱ्या भागातून नुकतेच आलेले, हुशार म्हणून नावाजलेले. त्यांनी तिचं तोंड नीट पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "तंबाखू खातेस का?"

"नाई जी," ती घाईघाईनं म्हणाली. "तंबाखूले तं मी हातबी लावत नाई. फक्त मंजन करते, रोज."

"मंजन करतेस? छान, चांगली सवय आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. मी त्यांच्या टेबलासमोरून हलले नाही.