ओली स्लाइड

नारायण पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये दोनच खोल्या होत्या. बाहेर पेशंटसाठी बाकडं, आत मायक्रोस्कोप आणि रंगांच्या बरण्या. त्या बरण्यांवर बाईंचं राज्य होतं. बाई म्हणजे आमच्या मुख्य तंत्रज्ञ. मी त्यांच्या हाताखाली नवी होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. रक्ताच्या स्लाइडवर माझा हात बसला होता. काचेवर थेंब ओढायचा, हवेत हलवून सुकवायचा, मग रंगवायचा.

तोंडातल्या पेशींचं काम निराळं. गालाच्या आतून लाकडी पट्टीनं खरवडून आलेलं काचेवर पसरायचं आणि ओलं असतानाच स्पिरिटमध्ये बुडवायचं. सुकलं की संपलं. मग रंग चढवायचे. पेशीच्या केंद्राला निळा, बाकीच्या अंगाला नारिंगी आणि हिरवा. बाई घड्याळाकडे न बघता काच या बरणीतून त्या बरणीत नेत, आणि शेवटी ती अशी स्वच्छ निघे की बघत राहावं. तशी स्लाइड पुढच्या तीस वर्षांत मी कुणाच्या हातून उतरलेली पाहिली नाही. हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी कधी छाती झाली नाही, म्हणून इथे लिहिते.

एकदा कर्वेनगरहून शेतकरी घरातल्या एक मावशी आल्या. तिकडे तेव्हा नव्या इमारतींच्या मधे ज्वारी उभी असायची. मावशींनी जन्मभर दातांना तंबाखूची मिश्री लावलेली. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता आणि तो कॅन्सर तर नाही ना, हे पाहायचं होतं. बाई आत कामात होत्या, म्हणून पट्टी मी घेतली. मावशी कळवळल्या. आणि मी रक्ताच्या सवयीनं काच हवेत हलवली, वर फुंकरही मारली. मग चूक लक्षात आली, तशी ती गुपचूप स्पिरिटमध्ये बुडवली.

रंगवलेली स्लाइड आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी घाईत पाहिली. "विशेष काही नाही. रिपोर्ट देऊन टाका."

मला हायसं वाटलं. बाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ही वाचू नका. पेशी सुकल्यात. केंद्रं फुगून फिकी पडलीत."

"अहो, चट्टा साधाच असेल."

"असेलही. पण ही काच ते सांगत नाही."

डॉक्टर वैतागले. "केली कुणी ही?"

"आपल्या लॅबनं," बाई म्हणाल्या.

डॉक्टर गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "फुंकर मारलीस? चहा होता का तो?"

मला रडू फुटलं.

"रडणं नंतर. मावशींकडे फोन नाही, तेव्हा बसनं जा आणि त्यांना परत घेऊन ये. बाटली फुटली, मशीन बिघडलं, असलं काही सांगायचं नाही. चूक झाली म्हणायचं, आणि कुणाची तेही सांगायचं."

बसमध्ये मी तीन थापा तयार केल्या, त्यातली एक तर फारच चांगली होती. मावशी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. परत यावं लागेल म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "आता न्हाय. अजून झोंबतंय जेवताना."

"मावशी, चूक माझी आहे. मी काच सुकू दिली. तुम्हाला फुकट दुखवलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कामावरनं काढत्याल म्हनून आलीस व्हय?"

"नाही. काढणार नाहीत."

"मग?"

"तुमच्या गालात काय आहे ते आम्हाला कळलेलंच नाही. त्याची भीती वाटते मला."

त्या पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही लॅब उघडायच्या आधी दारात उभ्या होत्या.

या वेळी बाई स्वतः घेतील असं मी धरून चालले होते. बाईंनी पट्टी माझ्याच हातात दिली आणि स्पिरिटच्या बरणीचं झाकण काढून शेजारी उभ्या राहिल्या. काच ओलीच आत गेली. दुपारी डॉक्टरांनी ती पाहिली आणि या वेळी बराच वेळ पाहिली. नारिंगी, वेड्यावाकड्या पेशी, आणि त्यांची केंद्रं मोठी, काळीकुट्ट. त्यांनी तुकडा काढून तपासायला लिहून दिलं. कॅन्सरच होता, पण लहान होता. ऑपरेशन वेळेत झालं.

काही महिन्यांनी मावशींच्या उजव्या गालातही पांढरट दिसायला लागलं, म्हणून त्या पुन्हा आल्या. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. काम नाजूक होतं, त्यामुळे बाई स्वतः पट्टी घेऊन उठल्या. मावशींनी तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"तिच्या हातनं घ्या," त्या म्हणाल्या. "ती चुकली तर घरी येऊन सांगती."