सत्तेचाळीस नंबरचं ऊन

डिसेंबरातला दुसरा शनिवार. तोपर्यंत झालेला खर्च एक हजार तीनशे दहा रुपये, त्यात काच, प्लायवूड, काळा रंग, दोन थर्मामीटर आणि पत्र्याचं धुराडं. हजर आम्ही तिघं: मी, माझी नववीतली मुलगी आणि तिच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. ठिकाण कन्नड, एका शाळेचं मैदान, जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन.

आमचं घर संभाजीनगरात. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आलेला माल मोजायचा, गेलेला मोजायचा, उरलेला पुन्हा मोजायचा. आठवड्याची एक सुट्टी झोपेत जायची. मुलगी सहावीत गेल्यापासून तशीही जात नाही. पालकांच्या ग्रुपवर कधी रोबोटची कार्यशाळा येते, कधी आकाशदर्शन, कधी विज्ञान मेळावा. संदेश रात्री आठला येतो आणि नाव द्यायची शेवटची तारीख तीच असते. फी असते, ड्रेसकोड असतो, आणि ‘पालकांनी सोबत थांबावे’ हे ठळक अक्षरांत असतं. मी सोबत थांबत आलो आहे. शहरातल्या कुठल्या शाळेच्या आवारात सावली कुठं पडते, हे मला पाठ आहे.

हे मात्र शेवटचं होतं. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे प्रदर्शन बंद, हे घरात ठरलं होतं आणि तिनं ते वाद न घालता मान्य केलं होतं. कन्नडला पहिल्या तिनात नंबर आला तर विभागाला जायचं, नाहीतर खोकं माळ्यावर. तिची सगळी मदार त्या एका दिवसावर होती.

खोकं म्हणजे उन्हावर आलं वाळवायची पेटी. काळी पेटी, वर तिरकी काच, खालून हवा आत, धुराड्यातून बाहेर. आत आल्याच्या चकत्या. एक थर्मामीटर आत, एक बाहेर. आमच्या गच्चीवर आतला अठ्ठावन्नपर्यंत जायचा. ते आकडे तिनं महिनाभर लिहिले होते आणि मी एकही तपासला नव्हता. तिचे आकडे तपासावे लागत नाहीत.

सकाळच्या एसटीनं निघालो. बाई आणि मुलगी अर्ध्या तिकिटात, मी पूर्ण. कंडक्टरनं खोक्याकडं पाहिलं.

“यात काय हाय?”

“काच आहे,” मी म्हणालो.

“मंग हिला सीट द्या आन् तुमी उभं ऱ्हावा.”

तो हसला, पण झालं तसंच. खुलताबादपर्यंत मी उभा होतो.

मैदानावर मोठा मंडप होता. वर पांढरं-निळं कापड, खाली टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर नंबर. आमचा सत्तेचाळीस, बरोबर मध्यावर. मुलीनं पेटी टेबलावर ठेवली आणि वर पाहिलं. वर कापड होतं.

“पप्पा, इथं ऊनच नाही.”

बाई संयोजकांकडं गेल्या. संयोजक म्हणजे त्याच शाळेचे मुख्याध्यापक. छातीला मोठा बिल्ला, हातात माइक. ते म्हणाले, “मॅडम, नंबर हलत नाही. परीक्षकांचे कागद नंबरानं छापलेत. हॅलोजन घ्या ना. सगळे सोलरवाले हॅलोजनच लावतात.”

आणि ते खरं होतं. आमच्या रांगेत सौर चूल होती, सौर पंप होता, सौर पथदिवा होता. सगळ्यांवर पाचशे वॅटचा हॅलोजन तळपत होता. सौर पथदिव्याचा दिवा विजेच्या दिव्यावर लागत होता आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. आम्हालाही एक हॅलोजन आणून दिला. मी पिन लावायला वाकलो. मला खरंच वाटलं, लावून टाकावा, संध्याकाळची गाडी पकडावी.

“नको,” मुलगी म्हणाली. “मग विजेवरच वाळवा की. पेटी कशाला केली?”

ती प्रवेशपत्रावर शिक्का घ्यायला रांगेत गेली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “भाऊ, मंडपवाल्याला विचारू या का?”

मंडपवाला शिडीखाली खुर्ची टाकून बसला होता. पांढरी टोपी, कानाला पेन्सिल. ऐकून म्हणाला, “साब, छत खोलना मतलब वापस बांधना. दो आदमी लगते. तीनशे होतील.”

“दोनशे घ्या.”

“लेकीसाठी घासाघीस करताय काय? उद्या शादीला मंडप लागला तर माझ्याकडंच याल ना?”

मी तीनशे कबूल केले, शेवटी देईन म्हणालो. त्यानं माणूस वर चढवला. बाईंनी, मी आणि त्यानं, तिघांनी मिळून टेबल सत्तेचाळीसच्या अगदी डोक्यावर बोट दाखवलं. माणसानं सुतळ्या सोडल्या आणि दाराएवढी जागा उघडी केली. निळं आभाळ दिसलं. ऊन आलं, पण ते आमच्या टेबलावर आलं नाही. उत्तरेला आठ-नऊ फुटांवर, ज्वालामुखीच्या मॉडेलवर पडलं. तिथली दोन पोरं खूश झाली.

“काका, तुमचं ऊन इकडं सांडलं हो!”

मुलगी परत आली. आधी वर पाहिलं, मग ज्वालामुखीकडं, मग माझ्याकडं.

“पप्पा, डिसेंबर चालू आहे. सूर्य डोक्यावर कसा असेल? दक्षिणेला कललेला असतो.”

चाळिशी-पन्नाशीची तीन माणसं होतो आम्ही. त्यातल्या एक बाई विज्ञान शिकवणाऱ्या.  मंडपवाला म्हणाला, “बेटा, तू आधी यायचं होतंस. अब किधर?”

तिनं पट्टीची सावली मोजली, मंडपाची उंची विचारली, वहीच्या मागच्या पानावर त्रिकोण काढला आणि दक्षिणेची जागा दाखवली. दुसरं भोक पाडलं. पहिलं परत बांधलं. अकरा वाजता वाजता ऊन बरोबर पेटीवर आलं. परीक्षक अकराला येणार होते, म्हणून तिनं जागा अकराचीच काढली होती.

अकराला परीक्षक आले नाहीत. उद्घाटनाशिवाय परीक्षण नाही, आणि उद्घाटनाचे पाहुणे एका लग्नात अडकले होते. मुख्याध्यापक माइकवरून दर दहा मिनिटांनी सांगत होते की पाहुणे निघाले आहेत. मध्ये ते आमच्या रांगेतून गेले आणि वर बघून थबकले.

“मंडपाला भोक कुणी पाडलं? पाहुणे येतायत!”

“सर, सौर प्रकल्प आहे,” बाई म्हणाल्या.

“म्हणून मंडप फाडायचा?”

“फाडलं नाय, उकललंय,” मंडपवाला शिडीवरून ओरडला. “बांधायचे पैसे ठरलेत.”

ते पुटपुटत गेले. ऊन पूर्वेकडं सरकू लागलं. बारापर्यंत मुलीनं पेटी टेबलावरच सरकवली. मग टेबल संपलं. तिनं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या जोडल्या, त्यावर पेटी ठेवली आणि उन्हामागं निघाली. मी खुर्च्या धरायचो, ती पेटी धरायची. एकदा मी म्हणालो, “आता राहू दे. आकडे लिहिलेत ना, ते दाखव.” ती म्हणाली, “आकडे तर हॅलोजनवालेपण दाखवतात.” मी पुन्हा खुर्च्या धरल्या. माझे गुडघे दुखत होते. जेवणाच्या कुपनची रांग गेली, मसालेभात संपला. बाईंनी कुठून तरी तीन केळी आणली.

पाहुणे आले. दीप लागला, सत्कार झाले, भाषण झालं. भाषणात विद्यार्थ्यांना भरारी घ्यायला सांगितलं. परीक्षक आमच्या रांगेत आले तेव्हा अडीच वाजून गेले होते. पेटी तेव्हा दोन रांगांच्या मधल्या वाटेवर होती, आमच्या टेबलापासून बरीच लांब, आणि आतला थर्मामीटर चोपन्नवर होता. बाहेरचा सत्तावीस.

परीक्षक दोघे. एक सर, एक मॅडम. सर रिकाम्या टेबलापाशी थांबले.

“सत्तेचाळीस गैरहजर?”

“सर, इथं आहे!” मुलगी वाटेवरून ओरडली.

“प्रकल्प जागेवर पाहिजे, बाळा. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी कुठून जायचं?”

मॅडम मात्र आल्या. साडी सावरून खाली बसल्या, काचेला बोट लावून झटकन मागं घेतलं. “अगं, चटका बसला!” त्यांनी दोन्ही आकडे वाचले, एक चकती मोडून पाहिली, ती कटकन मोडली. “हॅलोजन का नाही लावलास?”

“ते ऊन नाही, मॅडम.”

त्या हसल्या. आणखी दोन प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली, न अडखळता. सर टेबलाशीच उभे राहून लिहीत होते. मग दोघांनी कागदावर सह्या केल्या आणि पुढं गेले.

पाचला निकाल लागला. पहिला सौर पथदिवा. दुसरा आणि तिसरा कोण, ते मी नीट ऐकलं नाही. सत्तेचाळीस नव्हता, एवढं ऐकलं. बाई मुलीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मुलगी रडली नाही. तिनं आलं एका पिशवीत भरलं, थर्मामीटर कागदात गुंडाळले.

मंडपवाला हिशेबाला आला. मी तीनशे काढले.

“साब, दोन भोकं झाली. सहाशे.”

“पहिलं तर चुकीच्या जागी होतं. तूही तिथंच बोट दाखवलं होतंस.”

“माझा आदमी तर चढला ना?”

मी थकलो होतो, आणि थकलेला माणूस तीनशे रुपयांसाठी जास्त वाद घालतो. मी तोंड उघडणार तोच मुलगी म्हणाली, “द्या, पप्पा. त्यांच्यामुळं चोपन्न आलं.”

तो टोपी सारखी करत दुसरीकडं बघत उभा राहिला. मंडपवाल्याला सहाशे रुपये रोख दिले.