अर्जंट ये

आमच्या भागात अर्जंट हा शब्द कशालाही लावतात. ब्लाउज अर्जंट असतो, पासपोर्ट फोटो अर्जंट असतो, आणि फोटोवाला म्हणतो, "अर्जंट हाय व्हय? मग उद्या या." फक्त गावाकडच्या फोनवर तो शब्द आला की सगळे गंभीर होतात. माणूस गेल्याची बातमी फोनवर द्यायची नाही, ही रीत. "बरं न्हाई, अर्जंट या" एवढंच सांगायचं. काकू गेली तेव्हा असंच कळवलं होतं.

त्यामुळे जतहून वडिलांचा फोन आला, "आईला बरं न्हाई, अर्जंट ये," तेव्हा मी सरळ विचारलं, "दादा, ती आहे ना?"

"अर्जंट म्हटलं की," म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा लागलाच नाही.

साताऱ्याहून गाडी काढली. वाटेत औंधला मामाला घेतलं. तो आईचा थोरला भाऊ. मांडीवर पिशवी धरून बसला.

"पिशवीत काय आहे?"

"काय न्हाई. तू म्होरं बघ."

हिरवा काठ मला दिसला होता. सवाष्ण गेली की तिला माहेरचं पातळ नेसवतात. मी रस्त्याकडे नजर वळवली. कुणाकुणाला कळवायचं, ते मी मनात ठरवत राहिले. रडायचं तर गाडी थांबवावी लागली असती.

जतच्या दवाखान्यात आई कॉटवर टेकून बसली होती. सलाइन लावलेलं, चेहरा घामानं निथळत होता. वडील दारातच म्हणाले, "डॉक्टर कवाचं सांगलीला न्या म्हणतायत. ही तू आल्याबिगर गाडीत बसंना."

"मग फोनवर तसं सांगायचं."

"सांगितलं की. अर्जंट ये म्हणलं." ते फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी अर्जंट म्हणजे हातातलं टाकून निघायचं, दुसरं काही नाही.

आईची नजर मामाच्या हाताकडे गेली.

"अण्णा, पिशवीत काय हाय?"

मामानं पिशवी पाठीमागं धरली.

"दाव की."

त्यानं पिशवी थोडी उघडली. तिनं बघितलं.

"काठ बरा हाय," ती म्हणाली. "घरी आल्यावर नेसंन. चला आता."

ॲम्ब्युलन्समध्ये मी तिच्याजवळ बसले. सांगली येईपर्यंत तिच्या नाडीवरचं बोट काढलं नाही.