शरयूने निवडलेला हात

शरयूला मी फार ओळखत होतो असं म्हणता येणार नाही. शिंदे की छावनी या आमच्या मोहल्ल्यात समोर राहणारी, इंजिनिअरिंगला रोबोटिक्स शिकणारी मुलगी, एवढंच. मला लिहायची सवय नाही. चुकलं तर तिने सांभाळून घ्यावं.

मी पगड्या बांधतो. शिंद्यांचं संस्थान विलीन झालं, पुढे राजधानी भोपाळला गेली, तेव्हा वडिलांना तिकडे सरकारी नोकरी मिळत होती. ते गेले नाहीत. पगडीचा लाकडी साचा घेऊन इथेच बसले. आता दसऱ्याला आणि लग्नांत तेवढं काम असतं.

त्या वर्षी शरयूला पुढचा खास विषय ठरवायचा होता: यंत्राला बघायला शिकवायचं, की स्पर्श समजायला. तिचे वडील महिपतराव म्हणायचे, "बघण्यात नोकऱ्या आहेत. हात घेऊन काय करशील, नानांसारख्या पगड्या बांधशील?" सोमवारी फॉर्म द्यायचा होता.

शनिवारी ती कॅमेरा बसवलेला यांत्रिक हात पिशवीत घालून माझ्याकडे आली.

"नाना, याला एक पीळ द्यायला लावून बघू?"

मी भिजवलेली मलमल पुढे केली. कॅमेऱ्याने कापड बरोबर ओळखलं, हाताने बरोबर पकडलं आणि टर्रकन फाडलं. माझं जुनं गिऱ्हाईक दौलतसिंह, त्यांच्या नातवाच्या लग्नाचं कापड होतं ते.

"दिसलं तर सगळं," ती हळूच म्हणाली, "समझ में नहीं आया इसको."

मी दुसरं कापड घेऊन बांधायला बसलो. ती बघत राहिली.

"नाना, तुम्ही तर खिडकीबाहेर बघताय."

"पगडीकडे बघितलं की माझा पीळ ढिला पडतो."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुम्ही काय घेतलं असतं?"

वडिलांची भोपाळची गोष्ट सांगता आली असती. "मला काय कळतं त्यातलं," एवढंच म्हणालो.

सोमवारी तिने स्पर्श निवडला. महिपतराव आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. दोन वर्षांनी तिच्या यांत्रिक हाताने ओली मलमल न फाडता, न चुरगळता साच्यावर एक फेरा घेतला, तेव्हा तेच मला दंडाला धरून कॉलेजात बघायला घेऊन गेले. एकच फेरा होता. पगडीला पुष्कळ लागतात, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन वडिलांचा साचा मात्र पुसून ठेवला.

पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाली त्या सकाळी ती पाया पडायला आली. भोपाळची गोष्ट तेव्हाही सांगायची राहिलीच.

"दार ओढून घेऊ, नाना?"

"असू दे. दूधवाला यायचाय."