नात्याचा रकाना

भानू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या काउंटरवर एका बाईंना त्यांच्या फॉर्मातली चूक दाखवत होतो. फोन त्याच्या मुलीचा, ऋतुजाचा. "काका, पप्पांचा अपघात झाला," एवढं बोलली आणि पुढे तिला बोलताच येईना. शिर्डीहून बेलापूरला येताना पहाटे रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल फडकंसुद्धा नाही. आणि हा रात्रपाळी करून मोटारसायकलवर निघालेला... वीस वर्षं फौजेत काढून धडधाकट परत आलेला माणूस, घर पंधरा मिनिटांवर राहिलं असताना गेला. मी फोन ठेवला आणि त्या बाईंना म्हणालो, "इथं सही राहिलीय." दीड महिना झाला, ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आम्ही बेलापूरच्या शाळेत एका बाकावरचे. बारावी सायन्स झाल्यावर तो फौजेत गेला, नर्सिंग असिस्टंट झाला. मी इथं संस्थेत चिकटलो, आधी शिपाई, मग क्लार्क. तो सुट्टीवर आला की अख्खी आळी त्याच्या ओट्यावर. कुणाचं बीपी बघ, कुणाची पट्टी बदल. हवालदार होऊन रिटायर झाला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच होतं, गावात मेडिकल टाकायचं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी एका गोळीसाठी श्रीरामपूरला का जावं, म्हणायचा. पण परवान्याला डी. फार्मसी लागते. ग्रॅच्युइटी घराच्या बांधकामात गेलेली, पेन्शनवर घर चाललेलं. तो बिचकत होता. त्याला ढकललं मी. "अरे, सैनिकाला फीत सवलत आहे, बिनधास्त घे ॲडमिशन." इतकी वर्षं त्याच खिडकीत बसून मी सैनिकांच्या पोरांचे फॉर्म घेत आलो होतो. खुद्द सैनिकच शिकायला आला तर काय, हे मी कधी वाचलंच नव्हतं. मला वाटलं, पोरांना मिळतं तर बापाला मिळणारच.

चाळिशीतला भानू काउंटरसमोर उभा राहून फॉर्म भरत होता ते अजून दिसतं. "दिल्या, ह्यात काय लिवू? 'सैनिकाशी नाते' म्हंत्यात."

मी मान वर न करता सांगितलं, "तूच सैनिक ना? मग लिही, स्वतः."

त्यानं लिहिलं. फौजी अक्षर, सरळ आणि ठसठशीत. शिल्लक होती ती सगळी पहिल्या वर्षाच्या फीत भरली, पुढं सवलत येणार म्हणून. वर्ष निम्मं सरल्यावर वरच्या ऑफिसातून फॉर्म परत आला. 'स्वतः' भोवती लाल गोल आणि खाली शेरा : नाते मान्य नाही, फक्त पाल्य किंवा विधवा. त्याच आठवड्यात ऋतुजाच्या बी.एस्सी.चा फॉर्म मंजूर होऊन आला. नाते, मुलगी. दोन्ही कागद मी एकदमच त्याच्या हातात दिले. काय करणार होतो?

मी पत्रं लिहिली, फोन केले, एकदा रजा टाकून स्वतः जाऊन आलो. तिथला माणूस वाईट नव्हता हो. त्यानं नियम काढून दाखवला आणि चहा पाजला. मी रोज लोकांना जे करतो तेच त्यानं मला केलं. परत येऊन भानूला सांगितलं तर हाच उलट माझी समजूत काढतोय. "आसू दे रे. तू काय नियम केला व्हय? पोरीचं झालं ना, लई झालं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. शिर्डीच्या एका हॉटेलात ओळख काढून त्याला रात्रपाळीच्या सिक्युरिटीला लावून दिलं. दुसऱ्या वर्षाची फी त्यातून भागेल, हा माझाच हिशोब. तो रात्रभर गेटवर उभा राहायचा, पहाटे घरी यायचा, अंघोळ करून पुन्हा कॉलेजात. ॲप्रन मात्र कडक इस्त्रीचा. रविवारी इस्त्री करताना तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ, फौजेतला क्रम. वर्गातली पोरं त्याला सर म्हणायची. एकदा माझ्याच रांगेत तो उभ्या उभ्या झोपलेला मी पाहिला. "भानू, सोड आता हे," म्हणालो. "चारच म्हैने राहिल्यात," म्हणाला.

तेरावं झाल्यावर मी भानूच्या बायकोकडे, संगीतावहिनींकडे गेलो. पिशवीत तोच फॉर्म होता, कोरा. काहीतरी केल्याशिवाय मला बसवेना. म्हटलं, "वहिनी, तुमची बारावी झालीय. आमच्याच संस्थेत बी.ए.ला बसा. फी माफ होते, मी सगळं बघतो." त्यांनी फॉर्म घेतला, सावकाश वाचला. त्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हितं काय लिवायचं, भाऊजी?"

मला तो शब्द तोंडातून काढवेना. त्यांनाच समजला.

"म्हंजे ते जिते हुते तवा बसत न्हवतं," त्या म्हणाल्या, "आन् आता बसतं?"

इतकी वर्षं फॉर्मातल्या चुका काढणारा मी, त्या फॉर्मात आता काढायला चूकच उरली नव्हती.

त्यांनी फॉर्म माझ्या हातात परत दिला आणि उठल्या. दाराआडच्या खिळ्यावरून भानूचा ॲप्रन काढला, कॉटवर चादर पसरली, इस्त्री लावली. रविवार होता. हातानं पाणी शिंपडून त्यांनी आधी कॉलर घेतली, मग बाह्या. मी पाठ होईपर्यंत थांबलो. मग फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला आणि निघालो.